होडीचा जन्मदाखला

साळवेसाहेबांच्या होडीचा जन्मदाखला मी रंध्यानं तासून टाकला. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट, आमच्या अकोले गावातली.

साळवेसाहेब माझे शेजारी. सरकारी कचेरीत रेकॉर्ड क्लार्क होते. निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. "तोंडी नको, कागद दाखवा," हे पालुपद. बायको म्हणाली, ताप आलाय. तर थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली तिची सही घेतली!

भंडारदऱ्याकडच्या एका गोठ्यात ही निमुळती लाकडी होडी बैलांची गव्हाण होऊन पडली होती. साहेबांनी मालकाला सिमेंटची गव्हाण बांधून दिली आणि होडी टेम्पोत घालून आणली. अंगणात गोणपाट पांघरून ठेवली. आम्ही मोठ्यानं बोललो की तोंडावर बोट ठेवायचे, जणू बाळंतीणच निजली आहे.

लोक म्हणायचे, ही विलायतेहून आली. साहेब म्हणायचे, ही माझ्या वडलांनी घडवली. वडील धरणावरच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर राबायचे; त्याच्याच हौसेसाठी होडी केली; सुतारकी नुसती बघून शिकलेले. पण कागद? कचेऱ्यांना पत्रं गेली गठ्ठ्यानं, उत्तर एकच: 'माहिती उपलब्ध नाही.'

एक दिवस साहेब मधल्या फळीखाली डोकं घालून ओरडले, "सापडलं!" आणि मला काही न सांगता पळाले. पायात एक चप्पल त्यांची, एक माझी. मी वाकून पाहिलं. तीन तिरके चरे. मी शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर. ठरवलं, उंदरानं कुरतडलंय. साहेब येईपर्यंत रंधा मारून आरशासारखं करून टाकलं.

ते फोटोग्राफर घेऊन आले. तेव्हा कळलं, साहेबांचे वडील आपल्या प्रत्येक कामाखाली पटाशीनं तीन चरे ओढायचे.

फोटोग्राफरनं विचारलं, "काढायचं काय?"

"ह्यांचा काढा," साहेब म्हणाले. "पुरावा नष्ट करणारा इसम."

तो फोटो फाईलला लागला. पण पुढे आठ दिवस साहेबांनी गोणपाट उचललं नाही.

मग गावाहून त्यांची आई आली. पंच्याऐंशीची, डोळे जवळजवळ गेलेले. होडीच्या तळावर हात फिरवत फिरवत एका भेगेपाशी थांबली. भेगेवर डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी ठोकून बसवली होती.

"ह्यो त्याचाच सांधा," म्हातारी म्हणाली. "माजी भाकरीची काठवट उलली तवा असंच डमरू बशिवलं हुतं. दुसरं कोन करतंय असं?"

मला राहवलं नाही. "साहेब, हे तोंडीच झालं की!"

साहेबांनी फाईल उघडली. लिहिलं: 'आई म्हणाली.' खाली गोल शिक्का मारला. मग शिक्क्याची डबी बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

भेगांत राळ-तेल भरून होडी धरणाच्या पाण्यात सोडली. आई पुढच्या फळीवर, साहेब मागे वल्हं घेऊन. मधली फळी रिकामी दिसली, म्हणून मी टुणकन चढून बसलो. साहेब वल्हंच मारेनात.

म्हातारीनं मान वळवली. "मास्तर, उतरा खाली. ती जागा ह्याच्या बापाची हाय. सवता घडवली, पर कुनी त्याला हिच्यात बसू दिलं न्हाई; जलमभर काठावर उबा ऱ्हायला. तुमाला अर्धा तास उबं ऱ्हायला काय रोग आलाय?"