शवपेटीचा बिल्ला

हॅस्केलबाईंनी तांब्याचा बिल्ला प्रिंगलच्या काउंटरवर ठेवला.

"हे काय आहे, प्रिंगलसाहेब?"

एका बाजूला 'हॅस्केल बेकरी' आणि दुसऱ्या बाजूला शवपेटी.

अमेरिकेत यादवी लढाई लागल्यापासून जो तो खरे सेंट दडवून बसला होता. सुट्ट्या पैशांच्या जागी ओहायोतले दुकानदार आपापल्या नावाचे बिल्ले पाडून घेत. प्रिंगल शवपेट्या करायचा. दोघांचे बिल्ले एकत्र पाडले तर स्वस्त पडतील, ही त्याचीच अक्कल. सिनसिनाटीच्या कारागिराने मागच्या ठशांची अदलाबदल केली. प्रिंगलच्या नावामागे 'रोज ताजा माल' असं आलं होतं.

"मी न बघताच सुट्टे म्हणून वाटत बसले," बाई म्हणाल्या. "आता माझा पाव कोण खाणार? दुकान बसलं तर बहिणीकडे इंडियानाला जावं लागेल मला."

इंडियानाचं नाव ऐकून प्रिंगलची झोप उडाली. ही विधवा बाई पाव बांधून देई तेव्हा कितीतरी वर्षं तो एक वाक्य मनात घोळवत होता. अजून ते पाव आणि सुट्ट्या पैशांच्या पुढे गेलं नव्हतं.

गादीखालचे खरे सेंट काढून तो गावभर फिरू लागला.

"बिल्ला दे, खरा सेंट घे," तो न्हाव्याला म्हणाला.

"खरा?" अँब्रोज वस्तरा पुसत म्हणाला. "धंदा मंदावला का रे? आता पैसेही पुरायला लागलास?"

शनिवारी दुपारी बिल्ल्यांची थैली घेऊन तो बेकरीत शिरला. दुकानात चिटपाखरू नव्हतं. फळीवर पाव तसेच पडून होते.

"सगळे गोळा केले, बाई. गावात एक उरला नाही."

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"तरीच. अहो, मंगळवारी दारात रांग होती. शवपेटीचा बिल्ला रात्रभर घरात ठेवायला कुणी धजेना. दिवस मावळायच्या आत पाव घ्यायचे आणि बिल्ला माझ्या गळ्यात मारायचे. मी तोच पुढच्याला सुट्टे म्हणून द्यायची. दोन दिवस झाले, सगळे खरा सेंट जपून घरी बसलेत."

"मग आता?"

"आता जा आणि वाटून या."

बिल्ले देत प्रिंगलने दोनदा दाढी करून घेतली, नको असलेले खिळे घेतले, कधी न ओढलेली तंबाखू घेतली. दिवेलागणीला बेकरीपुढे पुन्हा रांग लागली. शेवटी त्याचा नंबर आला. बाईंनी पाव बांधला आणि सुट्ट्या पैशांत एक बिल्ला त्याच्या हातावर ठेवला.

"तुम्हाला काय, घरभर शवपेट्याच. हा रात्री ठेवायला भीती नाही वाटणार."

"छे," प्रिंगल म्हणाला आणि बाहेर पडला.

कोपऱ्यापर्यंत जाऊन तो थांबला. बिल्ला मुठीत घट्ट धरून, ते वाक्य मनात घोळवत परत फिरला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.