ओळंब्यात न बसणारं घर

रजेचे अर्ज दाबून बसणाऱ्यांनो, आखातातल्या मुऐदरच्या त्या व्हिलात जे झालं त्याला महिपती नव्हे, तुम्ही जबाबदार आहात. बावीस वर्षं ओळंबा धरलेल्या गवंड्याला तुम्ही तीन आठवडे लोंबकळत ठेवलंत आणि वर चित्र टांगायला पाठवलंत!

चित्र हॉलंडचं, दोनशे वर्षांपूर्वीचं. टाक बुडवून शाईनं काढलेलं. कालव्याकाठची चिंचोळी घरं, वीट न् वीट मोजून घ्यावी अशी. महिपतीनं खिळा ठोकला, चौकटीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. मागं सरून पाहतो तर काय, चित्रातल्या नाक्यावरच्या घराची भिंत रस्त्यावर झुकलेली!

त्याला आपल्या घराची भिंत आठवली. गावी त्याचं घर उभं राहत होतं, बायको केसरबाई एकटीच बांधून घेत होती. महिन्यापूर्वी तिनं मोबाईलवर भिंत दाखवली आणि हा ओरडला, "दोन बोटं कललीय. पाड ती!" तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती. म्हणून तर रजा हवी होती.

इथली भिंत तरी हाताशी होती. त्यानं चित्रासमोर ओळंबा सोडला आणि भिंत दोरीला लागेपर्यंत चौकट कलवली. आता खालचं कपाट वाकडं दिसू लागलं. त्याच्या पायाखाली फाचर मारली. मग शेजारचा दिवा वाकडा दिसला.

फोरमन फुजैल, रत्नागिरीचा, दारातच थबकला. "महिपतभाऊ, खोली बुडतेय की काय?"

"घर कललंय, फुजैलभाई. कुण्या अडाण्यानं बांधलंय."

"अहो, व्हिलाच्या मॅडमनी सांगितलंय मला. तिकडं हॉलंडात जिने अरुंद. घराच्या माथ्यावर तो लोखंडी आकडा बघा. दोरीनं सामान चढवताना भिंतीला घासू नये म्हणून मुद्दाम पुढं झुकवतात. यल्ला, चला, करा सगळं होतं तसं!"

महिपतीनं ओळंबा गुंडाळला. मोबाईलवर निरोप बोलून पाठवला, "केसर, भिंत पाडू नगं. ऱ्हाऊ दे कललेली. तू बांधलीस न्हवं? मी तिच्यातच ऱ्हाईन."

मिनिटात फोन वाजला. "कोण पाडतंय? भिंत सरळच हाय. मोबाईल सिमेटाच्या गोणीला टेकवला हुता, त्यो कलला हुता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"इचारलंत का?"

फुजैल हसत म्हणाला, "अर्जात कारण 'भिंत दुरुस्ती' लिहिलंत. आता ते खलास!"

महिपतीनं नवा अर्ज घेतला आणि लिहिलं, 'बायको रुसली आहे.'

सही करणाऱ्यांनो, याहून सरळ कारण तुमच्या फायलीत आहे का? शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडताच उत्तर द्या.