एस-एनवाले सगळे नाकाचे

इंग्रजी शब्द पाठ करायचा नसतो, त्याचं खानदान ओळखायचं असतं, असं ताईंचं ठाम मत होतं. आणि हे मत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं.

ताई दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसत. दवाखाना एक, डॉक्टर दोन. डाव्या खोलीत नाक-कान-घशाचे डॉक्टर आणि उजव्या खोलीत त्यांची धाकटी बहीण, प्राण्यांची डॉक्टर. आलेल्याला योग्य दाराशी पोचवायचं, हे ताईंचं काम. बारा वर्षं ते बिनबोभाट चाललं, कारण माणूस कोण आणि कुत्रा कोण हे बघताक्षणी कळतं. मग डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर आणला. लोक घरबसल्या इंग्रजीत तक्रार लिहून वेळ ठरवू लागले आणि ताईंचं इंग्रजी तर दहावीला तीनदा बसून तिथंच बसलेलं.

"महिनाभर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर दुसरं कुणी शोधावं लागेल."

ताई हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वही घातली. दिवसभराचे अडलेले शब्द उतरवून न्यायच्या, संध्याकाळी सुनेला अर्थ विचारायच्या. तिसऱ्या आठवड्यात भाजी चिरता चिरता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नॉट म्हणजे शेंबूड. सगळ्यांच्या सुरुवातीला एस आणि एन. म्हणजे एस-एनवाले सगळे नाकाचे! तसंच जी-एल दिसलं की काहीतरी चमकणार. ग्लास, ग्लिटर, ग्लो.

"आणि ग्लव्ह?" नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं. "हातमोजा कुठं चमकतो?"

"प्रत्येक खानदानात एखादा असतोच तसा," त्याच्याकडे बघत ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे नाकाच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हातातला चहा विसरले. "ताई, तीस वर्षं मी लोकांच्या नाकात डोकावतोय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नाही," ते म्हणाले. त्या दिवशी ताई घरी चालत नाही, तरंगत गेल्या.

मंगळवारी पडद्यावर नवं नाव आलं. राणी, वय सहा. पुढे 'ब्रीदिंग प्रॉब्लेम'. हे दोन शब्द ताईंच्या रोजच्या ओळखीचे. त्याआधीचा शब्द मात्र नवा होता. एस, एन, ए, के, ई. ताईंनी तो 'स्नाके' असा वाचला. शिंकणं आणि घोरणं यांच्या मधलं काहीतरी असणार. सुनेला विचारायची गरजच नव्हती, खानदान माहितीतलं होतं. त्यांनी राणीला नाकाच्या डॉक्टरांकडे साडेचारची वेळ दिली.

साडेचारला एक चष्मेवाले गृहस्थ आले. खांद्याला कापडी पिशवी, चेहरा उतरलेला.

"राणी कुठंय?" ताईंनी विचारलं.

"आहे ना," पिशवी थोपटत ते म्हणाले. "थंडी सोसत नाही तिला."

तेवढ्यात फोन वाजला आणि ताईंनी हातानंच डावं दार दाखवलं. लहान मूल येणार म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांची बरणी पुढे ओढून ठेवली होती. आतून त्यांचा मायाळू आवाज आला, "या या राणीताई, घाबरायचं नाही हं." मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. आणि मग अशी एक किंकाळी, की बाहेर सर्दीनं बेजार होऊन बसलेल्या आजींचा रुमाल हातातून पडला.

ताई आत धावल्या. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीवर उभे होते. टेबलावर हातभर लांबीचा पिवळसर साप तोंड उघडून, दमल्यासारखा पडला होता.

"ताई, हे काय आहे?"

ताईंना एका क्षणात 'स्नाके' कळला. पण त्या पळाल्या नाहीत. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी बाईंना बोलावते."

बाई दूरच्या गोठ्यात होत्या, गाय अडली होती. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला, बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दादा, मला यायला तीन तास लागतील. नाकपुडीत जुनी कात अडकली असेल. थेंब टाकून भिजव आणि तुझ्या सगळ्यात बारीक चिमट्यानं काढ."

"मी माणसांचा डॉक्टर आहे," खुर्चीवरून उत्तर आलं.

गृहस्थ हळूच म्हणाले, "दोन आठवडे खाल्लं नाही हो तिनं. रात्रभर नुसती तोंडानं श्वास घेते."

ताईंनी राणीकडे पाहिलं. भीती होतीच, पण एवढ्याशा त्या डोक्याचं धापा टाकणं त्यांना बघवेना. त्यांनी पदर खोचला आणि गृहस्थांना विचारून राणीला मानेखाली अलगद धरलं.

"डॉक्टर, नाकच आहे ना? मग ते तुमचं. या खाली."

डॉक्टर उतरले. कपाळावरचा दिवा लावला, थेंब टाकले, श्वास रोखून थांबले. पाच मिनिटांनी चिमट्याच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा कण आला. मग दुसरा. राणीनं तोंड मिटलं आणि नाकानं शांत श्वास घेतला. गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"इतका गुणी पेशंट मला आजवर मिळाला नव्हता," डॉक्टर पुटपुटले. मग ताईंकडे बघून म्हणाले, "आणि धरणारंही कुणी असं मिळालं नव्हतं. बहिणीला सांगतो, दुसरं कुणी शोधायचं नाही."

ताई वही उघडून नाकाच्या यादीखाली लिहायला बसल्या: स्नेक, साप, बाईंकडे. डॉक्टर आजींना बोलवायला दारात येऊन उभे राहिले.

"मुलगी फार किंचाळली हो मघाशी," आजी काळजीनं म्हणाल्या. "बरी आहे ना?"

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे बघत होते.

"घाबरली होती जरा," ताई म्हणाल्या. "आता खुर्चीवरून खाली उतरलीय."