पेट्याची निवडणूक

जायरोस न्यिरेंदांनी त्या मंगळवारी ठरवलं ते फार काही नव्हतं. मुलीच्या मित्रमैत्रिणींना दुपारी जेवायला बोलवायचं, एवढंच. लुंदाझी गावच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसानं याहून धाडसी काही ठरवूही नये. पण गुरुवारी राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होतं आणि न्यिरेंदा होते कंदील पक्षाचे वॉर्डप्रमुख. (वॉर्डात पक्षाची माणसं अकरा. त्यातली नऊ गुडघेदुखीनं घरी.)

खरं दुखणं वेगळंच होतं. टेम्वानी, त्यांची एकुलती एक लेक, यंदा पहिल्यांदाच मत देणार होती आणि ते सायकल चिन्हावर उभ्या असलेल्या विरोधी उमेदवाराला देणार होती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून कंदिलाच्या सभांना जाणारी पोर ही. तीन आठवड्यांपूर्वी न्यिरेंदांनी तिला विचारलं होतं, "त्या सायकलवाल्यात आहे तरी काय एवढं?"

"तो आमच्या मैदानावर आला, पंधरा मिनिटं बोलला आणि मग गवतावर बसून म्हणाला, आता तुम्ही बोला. तुमचा माणूस चार तास उशिरा आला आणि म्हणाला, तरुण म्हणजे उद्याचे नेते."

"मग, खोटं आहे का ते?"

"बाबा, तुम्ही तरुण होता तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तुम्हीच सांगितलंय."

यावर न्यिरेंदांचा आवाज चढला, आणि तेव्हापासून बापलेकीत 'मीठ द्या' आणि 'हे घे' याच्यापलीकडे शब्द नव्हता. उमेदवार पडला असता तर त्यांनी ते पचवलं असतं (तो दोनदा पडलेलाच होता), पण लेकीचा अबोला त्यांना सोसवेना. म्हणून हे जेवण. कंदीलवालेही तरुणांना मान देतात, हे ते आपल्या घरातच दाखवणार होते.

सहाजण आले. हात धुऊन सगळे चटईवर बसले. एस्नार्टनं, म्हणजे टेम्वानीच्या आईनं, मक्याच्या पिठाच्या न्शिमाचे वाफाळते गोळे मांडले, कोंबडा वाढला आणि पेटा न चुकता नवऱ्याच्या ताटात ठेवला. कोंबडीचा पेटा कर्त्या पुरुषाचा, यात आजवर कुणाला काही विचारायची गरज पडलेली नव्हती. एखाद्या बाईनं तो स्वयंपाकघरातच उडवला, तर तिच्या माहेरच्यांना बोलावणं जातं.

न्यिरेंदा उठून उभे राहिले. "आजचा पेटा," ते म्हणाले, "कंदील पक्षातर्फे तरुणांना अर्पण."

एस्नार्टचा डाव हवेतच थांबला.

"कुठल्या तरुणाला, काका?" वोंगानीनं विचारलं. हा पोरगा बोलायला चुणचुणीत आणि खायला त्याहून.

न्यिरेंदांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. पेटा एक आणि तरुण सात.

"मग निवडणूक घ्या," टेम्वानी म्हणाली. तीन आठवड्यांत तिचं मिठाशिवायचं हे पहिलंच वाक्य. न्यिरेंदा इतके हरखले, की लगेच 'हो' म्हणून बसले. वर स्वतःही उभे राहिले. (आपलाच पेटा आपणच दान करून परत मागायला उभा राहिलेला हा बहुधा पहिलाच उमेदवार.)

"पेटा खाण्याचा दीर्घ अनुभव माझ्यापाशी आहे," त्यांनी भाषण सुरू केलं. न्शिमावर साय धरेपर्यंत ते चाललं. मग वोंगानीनं पेट्याचे नऊ समान तुकडे करायचं वचन दिलं.

"कशानं करणार? दाढीच्या पात्यानं?" लुसुंगू नावाच्या मुलीनं विचारलं आणि म्हणाली, "माझ्याकडून काकूंचं नाव घ्या."

"माझं कशाला मध्ये?" एस्नार्ट रश्शाचं पातेलं घेऊन आली. "आधी सांगा, कुणाला काय कमी पडलं? लुसुंगू, आजीचा खोकला कसा आहे गं?" आणि लुसुंगू सांगत होती तोवर ती पातेलं मांडीशी धरून ऐकत बसली. तिचं भाषण ते तेवढंच.

पक्षाच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला नावं लिहून साखरेच्या डब्यात टाकायची होती. न्यिरेंदांनी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि सहज वर पाहिलं. एस्नार्ट चटईच्या टोकाला बसून कोंबड्याची मान चोखत होती. ती रोज काय खाते, हे आपण आजवर पाहिलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी ते अक्षर खोडलं आणि खाली तिचं नाव लिहिलं.

टेम्वानीनं मतं मोजली. आईला सात, वोंगानीला एक, बाबांना एक.

एक! न्यिरेंदांचा चेहरा उजळला. स्वतःचं मत तर त्यांनी बायकोला दिलं होतं. मग हे एक कुणाचं असणार? त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं.

सगळे बघत असताना एस्नार्टनं पेटा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "चिवट आहे की हो," ती म्हणाली. "एवढ्यासाठी एवढा मान?"

पाहुणे गेल्यावर टेम्वानी बाबांशेजारी येऊन बसली. "तुमचं अक्षर ओळखलं मी. खोडून आईचं नाव लिहिलंत."

"हं."

"गुरुवारी तुमच्याबरोबरच चालत येईन. रांगेतही बरोबर उभी राहीन. मत मात्र माझं मी देणार."

"दे की," ते म्हणाले. सायकलवाल्यावरचा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "आणि मला पडलेलं ते एक… तुझंच ना गं?"

"माझं? मी आईला दिलं."

दोघांनी एस्नार्टकडे पाहिलं. ती पातेलं घासत होती.

"ते माझं," मान वर न करता ती म्हणाली. "तसं काही मनात नव्हतं हो, टेम्वानीचे बाबा. पण इतकी वर्षं पेटा तुम्हालाच वाढतेय, सवयीनं हात तिकडेच गेला. कंदिलालाही मी असंच तर देते."