कंसातला हशा

सातनंबरच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या एकाही पानावर हशा आला नव्हता.

तो विधानसभेच्या सभागृहात प्रतिवेदक होता. अध्यक्षांच्या आसनाखालच्या लांबट टेबलाशी बसून भाषणं लघुलिपीत उतरवायची, पाच मिनिटं झाली की पुढच्याला जागा द्यायची आणि वर जाऊन आपलं पान टाइप करायचं, हे त्याचं काम. पानावर नाव नसे, फक्त नंबर. त्यामुळे माणसंही नंबरानेच ओळखली जात. सभागृह हसलं तर त्या जागी कंसात ‘हशा’ लिहायचा. सातनंबर पेन्सिल घेऊन बसला की नेमकं कुणीतरी पोटकलमं वाचायला लागे. त्याच्याआधी बसणाऱ्या चारनंबरच्या पाळीत मात्र सभागृह पोट धरून हसत असे. मुख्य प्रतिवेदक, म्हणजे चीफ, म्हणायचे, “चारनंबरचं पान वाचताना माणसं दिसतात बघा. सातनंबर, तुमचं शुद्धलेखन चांगलंय.”

हेही त्याने एकवेळ गिळलं असतं. पण चारनंबर त्याचा घरमालकही होता. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, अरेतुरे करत वाढले. मग चारनंबरने घर बांधलं, सातनंबर वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या तोंडून आपोआप ‘अहो’ निघालं. ते परत ‘अरे’वर आणायची चारनंबरने कधी घाई केली नाही.

त्या आठवड्यात घरभाडे विधेयकावर चर्चा चालू होती. मालकाला जागा हवी असेल तर भाडेकरूला एक महिन्याची मुदत द्यायची, असं त्यात कलम होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंबरने त्याला जिन्यात गाठलं.

“ऐक ना, माझी पाळी घेतोस? मंत्री उत्तर देणारेत. मला जरा बाहेर जायचंय.”

“चीफना विचारलंत?”

“विचारलं तर नाही म्हणतील. पानावर चारनंबर टाक आणि मोकळा हो. कळतंय कुणाला?”

मंत्र्यांचं उत्तर म्हटल्यावर सातनंबरने पेन्सिलीला दोनदा टोक काढलं. मंत्री उठले आणि म्हणाले, “मालक आणि भाडेकरू म्हणजे सासूसुना. एकमेकींशी पटत नाही आणि एकमेकींवाचून चालत नाही.” एक सभासद खोकला. बाकी कुणी हललं नाही. मग मंत्री गंभीर झाले. “शेवटी भाडेकरू जाणार कुठे, याची सरकारला काळजी आहे.”

टाइप करायला बसल्यावर सातनंबरला घाम फुटला. चारनंबरचं पान आणि त्यात हशा नाही? चीफना लगेच संशय येईल. निदान हे कारण त्याने स्वतःला दिलं. खरं म्हणजे तो दोन अक्षरी शब्द एकदा तरी आपल्या बोटांनी उमटवून बघावा, असं त्याला एकोणीस वर्षं वाटत होतं. सासूसुनांनंतर तो हळूच टाकायचा, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, खालचे वर आलेत. बरोबर कुणी जोडपं आहे. आपली मोरी मोजतायत.”

“मोरी? कशाला?”

“त्यांचं वॉशिंग मशीन बसतंय का बघायला. मी विचारलं, तर म्हणाले, विधेयक पास होऊ दे वहिनी, मग बोलू.”

म्हणजे तो ज्याची पाळी लिहीत होता, तो त्याचीच खोली दुसऱ्यांना दाखवत होता. फोन ठेवून सातनंबर न बघताच टाइप करत सुटला आणि कंस एक ओळ खाली घसरला. पान तसंच छापायला गेलं:

‘शेवटी भाडेकरू जाणार कुठे, याची सरकारला काळजी आहे. (हशा)’

दुसऱ्या दिवशी विरोधी बाकांवरच्या एका बाईंनी छापील कार्यवृत्त उंच धरलं. “लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जातंय आणि सत्ताधारी हसतायत?”

“कुणीही हसलेलं नाही,” मंत्री म्हणाले. “अहो, मी विनोद केला तेव्हासुद्धा कुणी हसलं नाही.”

यावर सभागृह गडगडून हसलं. तेव्हा अर्थातच चारनंबरची पाळी होती.

मग गदारोळ झाला, कामकाज दोनदा थांबलं. ध्वनिमुद्रण ऐकलं, तर त्यात माईक फक्त बोलणाऱ्याचा. बाकांवरचं काहीच कळेना. शेवटी आपण हसलो नाही हे दाखवायला सरकारपुढे एकच वाट उरली. एक महिन्याची मुदत एक वर्षाची झाली आणि विधेयक मंजूर झालं.

तिकडे चीफनी चारनंबरला बोलावून घेतलं. सातनंबर दाराबाहेर उगाच फाइल चाळत उभा राहिला. याने ‘सातनंबर’ म्हटलं की आपली नोकरी गेलीच.

“हशा खरंच ऐकू आला होता?” चीफनी विचारलं.

चारनंबरची इकडे आड, तिकडे विहीर झाली. हो म्हणावं, तर तो तिथे नव्हताच; नाही म्हणावं, तर पाळी सोडून गेल्याचं उघड होणार.

“दबका होता, साहेब,” तो म्हणाला. “कान लागतो त्याला.”

संध्याकाळपर्यंत तो कान इमारतभर गाजला. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये लोक चारनंबरला उठून जागा देऊ लागले. एका शब्दात कायदा फिरवणारा माणूस म्हणून बाहेरची माणसं त्याला बघून जात. सातनंबरला घास उतरेना. एकदा न राहवून तो चीफना म्हणाला, “त्या पाळीला मी बसलो होतो.”

“असेल, असेल,” चीफ त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले. “तुमचं शुद्धलेखन चांगलंच आहे.”

घरी बायकोने मोरीत नवी मांडणी ठोकून घेतली. वर्षभर आता कुणी उठवू शकत नाही, म्हणून ती खूश होती. सातनंबर मात्र रोज जिना चढताना खालच्या बंद दाराकडे बघत राही. एके दिवशी ते उघडं होतं.

“एवढा का सुतकी चेहरा?” चारनंबर म्हणाला. “तुला वर्षभर घर मिळालं, मला थोडं नाव मिळालं. वाटणी काही वाईट नाही.”

“वाईट आहे,” सातनंबर म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. “तुझी खोली तू घे. उद्या सोडतो. माझा हशा मला परत दे.”

चारनंबर दाराला धरून हसत सुटला. त्याची बायको आतून हसत बाहेर आली. वर कठड्याशी सातनंबरची बायको उभी होती. “मांडणी ठोकून झालीय, आता कुठे सोडताय,” म्हणत तिनेही तोंडाला पदर लावला. जिनाभर हशाच हशा झाला.

सातनंबरचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. पण हा हशा कुठल्याच कार्यवृत्तात जाणार नव्हता. आणि आपण ‘अहो’ सोडून चारनंबरला ‘तू’ म्हणून गेलो, हे त्याला मोरीतल्या मांडणीवर तांब्या ठेवताना आठवलं.