मरायला वेळ लावणारे मुंजाभाऊ

मुंजाभाऊंना मरायला फार वेळ लागतो.

तलवारीचा घाव बसतो, ते "आई गं" करून गुडघ्यावर येतात. बघणाऱ्यांना वाटतं, संपलं. मग मुंजाभाऊ एक हात जमिनीला टेकतात, घसा खाकरतात आणि गाणं सुरू करतात. ज्यानं घाव घातला तो बिचारा लाकडी तलवार धरून तसाच उभा. पहिलं कडवं होतं, दुसरं होतं. तिकडं लढाई पुढं सरकते, गढी पडते, झेंडा चढतो. इकडं मुंजाभाऊ कुशीवर वळून तिसरं कडवं घेतात. आमचा सरदार दबक्या आवाजात ओरडतो, "भाऊ, मरा की आता!"

त्यावर मुंजाभाऊ एक डोळा उघडतात. "मरायलोय की! घाई काय हाय? मेल्यावर येळच येळ हाय."

सेलूत माझं शिलाईचं दुकान आहे. गावातल्या काही हौशी लोकांनी मिळून जुन्या काळातली फौज उभी करणारं एक मंडळ काढलं, तेव्हा अंगरखे शिवायचं काम माझ्याकडं आलं, आणि कामाबरोबर मीही त्यात ओढला गेलो. हिवाळ्यातल्या रविवारी गावाबाहेरच्या माळावर आम्ही तळ टाकतो. चूल मांडून भाकरी थापतो, दांडपट्टा फिरवतो, लुटुपुटीची लढाई करतो. जत्रांमधून बोलावणंही येतं. आमचा सरदार अभिजित हा एरवी इंजिनिअर. तळावर कुणाच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तो शत्रू सापडल्यासारखा धावून जातो.

अडचण एकच होती. मोगलांच्या बाजूनं लढायला कुणी तयार नसायचं. पोरं म्हणायची, आम्ही मावळेच होणार. तेव्हा कापसाच्या जिनिंगमधून नुकतेच निवृत्त झालेले मुंजाभाऊ पुढं आले. "मला चालतंय. तिकडं बी आपल्याच भागातली पोरं होती. पोटाला गेल्ती."

माझ्याकडं अंगरख्याचं माप द्यायला आले, तेव्हा म्हणाले, "डाव्या खांद्यावर एक ठिगळ लाव."

"भाऊ, कापड नवं आहे."

"कापड नवं हाय, पर शिपाई गरीब हाय. ठिगळ आईनं लावलेलं हाय. टाका जरा वाकडा घाल, तिला आता दिसत न्हाई."

मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडा टाका घातला.

मंडळात नवा माणूस आला की मुंजाभाऊ त्याला आधी गाव विचारतात. तो सांगतो, सेलू. "ते आत्ताचं झालं. फौजेत आलास तवाचं कोणतं?" तो गोंधळतो. मग मुंजाभाऊच त्याला गाव देतात, घर देतात, दारात एखादी शेळी बांधतात. एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी असा संसार दिला, की ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, माझी आणखी एक बायको चुडाव्याला आहे आणि ती वाट बघते आहे. त्यांच्या घरी तो विषय अजून मिटलेला नाही.

पुढच्या रविवारी त्या माणसाला भाऊंनी रचलेलं त्याचं गाणं मिळतं. जेवणं झाली की मुंजाभाऊ त्याला जवळ बसवून घोटून घेतात. "हे तुजं. म्हण, कुणाला द्यायचं तर दे. मला इचारायला येऊ नको." गाण्याखाली नाव कुणाचं लावायचं, असं एकदा अभिजितनं विचारलं. मुंजाभाऊ म्हणाले, "नाव कशाला? गाणं जड हुतंय."

शब्दांच्या बाबतीत मात्र ते अभिजितपेक्षाही कडक. एकदा मी गिऱ्हाईकाचं माप घेत असताना फोन आला.

"तवा सोयाबीन होतं का रं?"

"नव्हतं, भाऊ."

"मग काय पेरू?"

"ज्वारी पेरा."

"ज्वारी मागल्या गाण्यात पेरली." फोनवरच त्यांनी चाल गुणगुणून पाहिली. "बरं, तूर पेरतो. चाल जमंल." गिऱ्हाईकानं विचारलं, किती एकर आहे त्यांना? मी म्हटलं, शेत विकून जमाना झाला.

आणि त्यांची स्वतःची गाणी? ती सगळी मरणाऱ्या शिपायाची. हे एक मी ऐकून ऐकून पाठ केलं आहे:

सांग सांग रं वाऱ्या, माझ्या आईच्या कानात
ल्योक तुझा निजला गं, बाभळीच्या रानात

गेल्या हिवाळ्यात राणीसावरगावहून जत्रेचं बोलावणं आलं. मुंजाभाऊ येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. त्यात अभिजितनं नवीनच काढलं. खेळाचे छोटे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचे होते. "भाऊ, तुमचं मरण अर्ध्या मिनिटात बसवा. लोकांना एवढा दम नसतो."

"अर्ध्या मिनिटात तर शिंक बी पुरी हुत न्हाई," मुंजाभाऊ म्हणाले. पण त्यांनी प्रयत्न केला. माझ्या दुकानात, शिलाई मशीनच्या बाजूला, ते झटपट मरून बघायचे. एकदा गाणं भराभर म्हणून पाहिलं, तर ते भाजी विकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गप मरतो."

आणि राणीसावरगावात ते खरंच गप मेले. भर दुपारची वेळ, गोल करून बसलेली माणसं, पुढं बायका आणि पोरं. अभिजितनं घाव घातला, मुंजाभाऊ पडले आणि हलले नाहीत. व्हिडिओ झकास आला असणार. पण पहिल्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बाई, मेला का ह्यो? काईच बोलला न्हाई की!"

शेजारची म्हणाली, "आजी, खेळ हाय तो."

"खेळ आसू दे. पर याच्या घरी काय सांगावं मग?"

लोक हसले. मुंजाभाऊंनी एक डोळा उघडला आणि अभिजितकडं पाहिलं. अभिजितनं म्हातारीकडं पाहिलं, मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोराकडं पाहिलं आणि तलवार खाली केली.

"म्हणा, भाऊ."

मुंजाभाऊ हातावर रेलले आणि गायले. चारही कडवी. मागं उभी असलेली माणसं आपोआप खाली बसली. गाणं संपलं आणि मुंजाभाऊंनी मान टाकली, तेव्हा टाळी वाजवावी की नाही हे कुणालाच कळेना.

खेळ आवरून आम्ही सामान टेंपोत भरत होतो, तेव्हा तीच म्हातारी काठी टेकत आली. मुंजाभाऊंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"तू चंद्रभानचा धाकला भाऊ न्हवं?"

मुंजाभाऊ वाकून तिच्या पाया पडले. "हाव, काकू."

हे त्यांचंच गाव होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"तरीच म्हणलं, गळा कुठनं आला. चंद्रभान लय गोड गायचा. त्याची ती ववी आमी आजून म्हणतो. तुजी माय शिकवायची सगळ्यांला." आणि तिथंच, टेंपोला टेकून, थरथरत्या आवाजात तिनं म्हटली:

उसाच्या फडात माय, वारा सुटलाय गार
तुझ्या लेकराला न्हाई, तरास झाला फार

"चंद्रभानचीच न्हवं ही?" तिनं विचारलं.

"हाव," मुंजाभाऊ म्हणाले. "त्याचीच. लय गोड गायचा."

परतताना ते आणि मी टेंपोत मागं बसलो होतो, ढालींच्या ढिगाला टेकून. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरात गाणं आधीपासूनच होतं म्हणायचं."

"कशाचं! थोरल्याला, चंद्रभानला, आरती बी चालीत म्हणता येत न्हवती."

"मग ती ओवी?" मी विचारलं. मग ते हळूहळू बोलले. थोरला टोळीबरोबर ऊस तोडायला गेला होता. तिकडंच ताप चढला आणि पाचटाच्या झोपडीत एकटाच असताना गेला. टोळीनं तिकडंच जाळला, खबर मागून आली. "टोळी परत आली की आई एकेकाला इचारायची, जाताना काय म्हणला माजा ल्योक? कुणी जवळच न्हवतं, तर काय सांगतील? आई जेवंना. मंग मीच एक दिवस म्हणलं, एकजण भेटल्ता. थोरला गाणं म्हणत गेला म्हणला. आई म्हणली, कोणतं?"

ते माझ्याकडं वळले. "आता गाणं तर पायजे का न्हाई?"

"म्हणून तुम्ही केलं."

"बांधावर बसून केलं. पयलंच. त्या दिवशी आई जेवली. मंग गावभर सांगाया लागली, माजा थोरला गाणारा होता. म्हणून ती असंस्तोवर मी कुठंच तोंड उघडलं न्हाई. आईच ती, गळा वळखला असता, गाणं कुणाचं ते कळलं असतं."

गंगाखेडच्या पुलावर टेंपो हळू झाला. खाली गोदावरीचं पाणी संथ होतं. आईची राख इथंच सोडली, असं ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मग डोळे मिटून, पूल संपेपर्यंत, उसाच्या फडाच्या त्या दोन ओळी त्यांनी हलक्या आवाजात म्हटल्या.

"आता ऐकू दे तिला," ते म्हणाले. "थोरला भेटला असंलच की वर. त्यानं कवाच सांगितलं असंल, आई, मी न्हवं गं, ते धाकल्यानं केलं."