रंगनाथमास्तरांचे पाव्हणे

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या स्टँडवर अनोळखी माणूस उतरला, की रंगनाथमास्तर त्याची पिशवीच उचलून चालू लागत. पाहुणा ओरडत मागं धावे आणि धावता धावता प्रवरेकाठी सिद्धेश्वराच्या देवळात पोचे. एकाहत्तर साली मी कचेरीत कारकून म्हणून आलो, तेव्हा माझी वळकटी अशीच पुढं गेली होती.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. खांब, छत, घाट असं सगळं दाखवून झालं, की परीक्षा.

"काय आवडलं? नुसतं 'छान' न्हाई चालायचं. छान तर भजीबी असत्यात."

एक विमा एजंट म्हणाला, "खांब मजबूत आहेत." तेसुद्धा मास्तरांनी मन लावून ऐकलं.

एकदा त्यांची छत्री माझ्याकडं राहिली, म्हणून घरी गेलो. खाटेवर मास्तरांच्या पत्नी, काकू, बसलेल्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले होते. मास्तर रंगात आले होते.

"आज पुन्याच्या बाई आल्त्या. खांबावरल्या नाचनारीच्या पैंजणावरनं बोट फिरवत हुत्या."

"आन् काय म्हनल्या?" काकूंचे डोळे लकाकले.

मला बघून मास्तर ओशाळले. "लगीन झाल्यापासनं ही रोज देवळात जायची. आता मी जाऊन येतो. पर मी एकटा रोज नवं काय सांगनार? म्हनून पाव्हणे."

"मग काकूंनाच नेऊ की," मी म्हणालो.

"नगं! लोकं टकामका बघत्याल. तिला न्हाई आवडायचं."

"मला इचारलं का कदी?" काकू म्हणाल्या.



रविवारी कचेरीतल्या आम्ही चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून नेलं. देवळात मास्तरांनी तोंड उघडलं, तोवर काकूंनीच खांबावर हात ठेवला.

"अवो, ही नाचती कुठं? ही कुंकू लावतीय. समद्या गावाला चुकीचं सांगितलंत?"

"व्हय गं," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. तासभर काकू दाखवत होत्या अन् ते शाळकरी पोरासारखे मान वळवत होते.

मग घाटावर मास्तरांनी काकूंचे पाय अलगद पाण्यात सोडले.

"कळतंय का गार?"

"न्हाई," काकू हसल्या. "पर दिसतंय की."

ऊन उतरलं. आम्ही खुर्ची उचलायला आलो, तेव्हा मास्तर धोतराच्या सोग्यानं ते पाय पुसत होते. एकेक बोट, सावकाश. आम्ही तसेच मागं सरून पायरीवर बसलो.